चव्वेचाळिसावी भेग

पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे, पाठीलाच वेळ कळायची. चूळ भरायची, एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात लांबीचा डबा, खिशात थापी, आणि एकशे अडतीस पायऱ्या चढून वरच्या ओळीत पोचायचं. सूर्य वर यायच्या आत भिंत तयार हवी, असा सिनेमावाल्यांचा हुकूम होता. भिंत तयार म्हणजे फुटलेली.

वस्तीत त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी ज्या दोरीला टांगलेल्या लोखंडी वजनाने बघतो, तो ओळंबा. ह्याच्या खिशात तो बारा महिने असे. बायको सांगायची, "मला बघायला आला तेव्हा आधी आमच्या घराची भिंत बघितली. भिंत वाकडी निघाली, मी सरळ निघाले. म्हणून जमलं."

वस्ती त्याचं घर सोडून सव्वीस घरांची. डोंगराच्या उतारावर घरांच्या तीन ओळी, खाली ओढा, ओढ्यावर पूल, आणि पलीकडच्या चढावर बंद पडलेल्या दगडखाणीचा वजनकाटा. ट्रक वजन करायला जिथे थांबायचे तो मोठा सपाट चौथरा अजून शाबूत होता. खाणीने अलीकडच्या डोंगराचा पाय एका अंगाने खाल्ला होता, पण त्यालाही वीस वर्षं झाली होती. वस्तीतलं असं एकही घर नव्हतं ज्याला ओळंब्याचा हात लागला नव्हता. जोती त्याने भरली होती, गिलावे त्याने केले होते. तडे बुजवण्यात जन्म गेला. आणि साठीला आल्यावर कोणीतरी येऊन म्हणालं, तडे पाडून दे, दुप्पट मजुरी देतो.

सिनेमा असा होता की डोंगर कोसळणार असतो आणि खालच्या गावाला ते कळत नसतं. रंगकामाच्या प्रमुख एक बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांच्या माणसांनी भिंतीवर काळ्या रंगाने विजेसारखी नागमोडी रेघ ओढली. ओळंबा बघत उभा होता. बाईंनी विचारलं, "काय काका, आवडली का?"

"ही भेग नाही. हा नकाशा आहे," तो म्हणाला. "भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते. निघते तिथे बारीक, पुढे रुंद. आणि ती घाई करत नाही."

दुसऱ्या दिवसापासून भेगांचं काम त्याच्याकडे आलं. तो आधी गिलावा नखाएवढा खरवडायचा, कडा थापीच्या टोकाने तोडायचा, आत काजळी भरायचा, वर ओलसर मातीचा हात फिरवायचा. एका भेगेला अडीच तास लागत. सव्वादोन तासांत झाली तर तो पुसून पुन्हा करी. चाळीस दिवसांत त्रेचाळीस भेगा झाल्या. प्रत्येकीच्या खालच्या टोकाला तो थापीने तीन बारीक ठिपके टोचून ठेवी. सिनेमा संपला की त्यालाच त्या बुजवायच्या होत्या, आणि आपलं काम आपल्याला सापडलं पाहिजे, हा त्याचा नेम.

बाकीची वस्ती पळायच्या कामावर होती. हाताने फिरवायचा भोंगा वाजला की सगळ्यांनी गाठोडी, पोरं, शेळ्या घेऊन पायऱ्या उतरायच्या, पूल ओलांडायचा आणि वजनकाट्यावर जमायचं. हे सहा वेळा झालं. दर वेळी कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघे आणि पुन्हा पळावं लागे. शेवटी वस्ती इतकी तरबेज झाली की सात मिनिटांत सव्वीस घरं रिकामी होत. चौथऱ्यावर पोचलं की सिनेमावाले टाळ्या वाजवत आणि तिथेच रोख हजेरी वाटत. ओळंब्याच्या मोठ्या ताईला चौघे खुर्चीत घालून आणायचे. ताई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याने अधू, वरच्या ओळीच्या टोकाच्या घरात एकटी. तिला हे काम फार आवडलं. "लग्नातसुद्धा मला कोणी उचललं नव्हतं," म्हणायची.

पावसाची चिन्हं दिसली तशी मंडळी सामान गुंडाळून निघून गेली. जाताना बाई म्हणाल्या, "भेगा राहू द्या काका. एखादं दृश्य राहिलं असेल तर परत येऊ." म्हणून भेगा राहिल्या. सिनेमासाठी चक्कीबाहेर ठेवलेला खोटा दगडही राहिला, दळण आणणारे त्यावर बसू लागले. भोंगा चक्कीवाल्याकडे राहिला. ओळंब्याने मजुरीची पुडी बायकोच्या हातात दिली. त्यांच्या दोन खोल्यांवर अजून पत्रा होता. सगळ्यांना स्लॅब घालून देणाऱ्याच्या डोक्यावर पत्रा, यावरून वस्ती त्याची पुष्कळ थट्टा करी. आता पाऊस संपला की स्लॅब टाकायचा, असं नवराबायकोचं ठरलं.

मग अकरा दिवस पाऊस पडला आणि बाराव्या दिवशी लख्ख ऊन आलं.

त्या दिवशी ताईचा निरोप आला, दार लागत नाही. वस्तीत सुतार नव्हता, म्हणून असली कामंही ओळंब्याकडेच यायची. त्याने रंधा नेला, दाराची वरची कड तासली, दार लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. दार आता खालच्या कोपऱ्यात अडत होतं. त्याच ओळीतल्या आणखी तीन घरांनी हाका मारल्या. सगळ्यांची तीच तक्रार.

"लाकूड फुगलं असेल पावसाने," ताई म्हणाली.

"लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगतं." त्याने चौकटीला गुण्या लावून बघितला. चौकट काटकोनात नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती त्यानेच बसवली होती. त्याच्या हातून चौकट वाकडी बसणं शक्य नव्हतं, आणि हे तो गर्वाने म्हणत नसे, मोजून म्हणत असे.

मग त्याला मागच्या भिंतीवरची भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, बारीक, पुढे रुंद होत गेलेली. कडा सुरेख तुटलेल्या. तो गुडघ्यावर बसला आणि खालच्या टोकाला ठिपके शोधू लागला. ठिपके नव्हते.

"ताई, ही कधीची?"

"तुझीच ना? म्हातारा झालास, स्वतःचं काम ओळखू येईना."

"माझ्या तुझ्या घरात दोन आहेत. ही तिसरी."

त्याने थापी आत घातली. त्याच्या भेगा नखाएवढ्या खोल होत्या. थापी मुठीपर्यंत आत गेली. त्याने हात ओला करून भेगेजवळ धरला. खिडकी बंद होती, दार लावलेलं होतं, आणि हाताला गार वारा लागत होता. तो एका लयीत येई आणि थांबे, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. भिंतीच्या पलीकडे नुसता डोंगर होता.

त्याने हात पुसला. काचेची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं गिलाव्याने पक्की केली. तुळईला ओळंबा टांगला आणि लोलकाच्या टोकाखाली जमिनीवर खिळ्याने खूण केली.

"हे काय आणखी? सिनेमा संपला ना?"

"उद्या येतो. खुणेवर पाय ठेवू नकोस."

सकाळी काच मधोमध तुटलेली होती. लोलक खुणेपासून अंगठाभर सरकला होता, ओढ्याच्या बाजूला. लोलक कधी सरकत नाही. घर सरकलं होतं. ताई कॉटवर बसून त्याच्याकडे बघत होती. फळीवरचे कप तिने खाली उतरवून ठेवले होते. "रात्रभर कडेला येत होते," ती म्हणाली. "मी मागे सारायची, ते पुन्हा पुढे. शेवटी म्हटलं, बसा खालीच."

उतरताना त्याने पायऱ्या मोजल्या. एकशे अडतीसच होत्या. पण एकशे सोळावी आणि सतरावी यांच्यात दोन बोटांची फट पडली होती, आणि फटीतून दळल्यासारखा बारीक आवाज येत होता. कान लावला तर आवाज खालून, फार खोलातून येत होता. चक्की त्या वेळी बंद होती.

चक्कीवाला वस्तीचा कारभार बघायचा. माणूस उमदा, पण प्रत्येक गोष्टीची गंमत करायची खोड. ओळंब्याने सगळं सांगितलं. दगडावर चारपाच जण दळणासाठी बसले होते, तेही ऐकत होते.

"म्हणजे भेगा त्रेचाळीस हव्यात आणि चव्वेचाळीस भरल्या?" चक्कीवाला म्हणाला. "अरे, पिल्लू झालं असेल एखादीला."

सगळे हसले.

"थापी मुठीपर्यंत जाते आत."

"ओळंब्या, तुझी कारागिरी मानली. इतकी झकास की तूच घाबरलास. माझी बायकोसुद्धा तुझ्या खोट्या भेगेला हात लावून वारा येतोय का बघते."

"माझ्या भेगेला ठिपके असतात. हिला नाहीत."

"पुसले गेले असतील पावसात."

"घराच्या आत पाऊस पडतो का?"

तरी दगडावरून कोणी उठलं नाही. त्यांच्यातले शाळेचे मास्तर तेवढे वर येऊन बघायला तयार झाले. त्यांनी फोनमधून फोटो काढले आणि तालुक्याच्या मोठ्या कार्यालयात पाठवले. दुपारी उत्तर आलं. हे फोटो आम्ही वर्तमानपत्रात आधीच पाहिले आहेत, सिनेमा कधी येणार ते कळवा.

मास्तरांनी ते वाचून दाखवलं आणि फोन खिशात टाकला. "काका, मला तरी फरक कुठे कळतोय," ते म्हणाले. "तुमची भेग आणि ही भेग शेजारीशेजारी आहेत. खरं सांगू, तुमचीच जास्त भीतिदायक दिसते."

ओळंबा घरी येऊन ओट्यावर बसला. आयुष्यात कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, थोडं वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. एखादी भेग नागमोडी, एखादी विजेसारखी. लोकांना खोट्याची ओळख राहिली असती.

पुढच्या सकाळी नळाला तांबडं पाणी आलं. नऊ वाजता ते थांबलं. अकरा दिवस पाऊस प्यायलेल्या डोंगराचा झरा आटला होता. बायका म्हणाल्या, पाईप तुंबला असेल. ओळंबा झऱ्यापर्यंत गेला. पाईप रिकामा होता, तुंबलेला नव्हता. पाणी बाहेर यायचं सोडून आत कुठेतरी साठत होतं. बाहेर ऊन स्वच्छ पडलेलं, उतारावरचं गवत हिरवंगार, आणि वरच्या ओळीतलं एकही दार लागत नव्हतं. सगळी दारं उघडी होती. घरांनी तोंडं उघडून ठेवल्यासारखी दिसत होती.

तो घरात आला. बायको भाजी निवडत होती.

"ती पुडी दे," तो म्हणाला.

"स्लॅबची?"

"स्लॅबचीच."

"कशाला ते सांगशील?"

त्याने सांगितलं. तिने निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, हात पुसले, डब्याच्या तळातून पुडी काढली. एक नोट मोडलेली नव्हती.

"आणि डोंगर नाही पडला तर?" तिने विचारलं.

"तर तू मला जन्मभर बोल."

"ते मी तसंही बोलणार आहे." तिने पुडी त्याच्या हातावर ठेवली. "सगळ्यांना पुरणार नाही हे."

"पुरेल तिथवर देऊ."

तो चक्कीवर गेला. म्हणाला, बाईंचा फोन आला होता. पळण्याचं एक दृश्य राहिलंय. आज तीन वाजता. हजेरी नेहमीचीच, रोख, वजनकाट्यावर, माझ्या हातून. अट एकच. घरात माणूस राहता कामा नये. म्हातारं, आजारी, तान्हं, शेळी, सगळं पलीकडे. एक जरी माणूस मागे दिसला तरी कोणालाच पैसे नाहीत.

चक्कीवाल्याने पुलाकडे नजर टाकली. "गाड्या कुठे दिसत नाहीत?"

"लांबून घेणार आहेत. पलीकडच्या माथ्यावरून, मोठ्या भिंगाने."

"आणि कालची तुझी ती खोल भेग?"

"माझा अंदाज चुकला," ओळंबा म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.  "बाईंनी सांगितलंय, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. वर, मागे, कुठेच नाही. बघितलं की पुन्हा पळावं लागेल."

ही गोष्ट मात्र सगळ्यांना पटली. ती त्यांच्या चांगली अंगवळणी पडली होती.

पावणेतीनला तो चार जणांना घेऊन ताईकडे गेला. चौघे बाहेर खुर्ची पुसत होते. ताईने नवं लुगडं नेसलं नव्हतं. सिनेमाच्या प्रत्येक दिवशी ती नवं नेसायची.

"कॅमेरा नाहीये ना रे?" तिने हळू विचारलं.

"नाही."

तिने उशाखालची किल्ली काढून कमरेला खोचली. "त्यांना सांग, खुर्ची एकसारखी उचला. मागल्या वेळी डावीकडचा फार ढिला होता."

तुळईला टांगलेला ओळंबा सोडवायला ओळंब्याने हात वर केला. लोलक खुणेपासून वीतभर लांब गेला होता आणि अजून जात होता. डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. त्याने दोरी तशीच राहू दिली.

तीन वाजता चक्कीवाल्याने भोंगा फिरवला.

वस्ती उतरू लागली. गाठोडी, पिंजरे, शेळ्या, काखेतली पोरं. बायका सवयीने पदर तोंडावर धरत होत्या, पुरुष सवयीने धडपडत होते. चेहऱ्यांवर शिकवलेली भीती होती. कोणी वर बघत नव्हतं, कोणी मागे बघत नव्हतं. सगळ्यांच्या मागे ओळंबा. तो प्रत्येक उघड्या दारातून आत डोकावत होता, आणि प्रत्येक घरात मागच्या भिंतीतून तो गार श्वास येत होता. आता तो थांबत नव्हता, नुसता बाहेर येत होता.

सात मिनिटांत एकशेबारा माणसं वजनकाट्यावर होती. ओळंबा आणि त्याची बायको धरून एकशे चौदा.

त्याने हजेरी वाटायला सुरुवात केली. घराघराने, सावकाश. एकेक नोट दोनदा मोजत होता. वेळ काढायचा होता. साडेतीन झाले. समोर उतारावर ऊन पडलेलं होतं. तिन्ही ओळी जागच्या जागी होत्या, भिंतींवरच्या त्याच्या भेगा इथूनही काळ्या दिसत होत्या. पावणेचार झाले. पोरं कंटाळली. कोणीतरी म्हणालं, चुलीवर दूध ठेवलंय.

एकोणीस घरांना देऊन झालं आणि पुडी संपली.

"बाकी?" रांगेतल्या पुढच्या माणसाने विचारलं.

"देतो. थांबा जरा."

चक्कीवाला पुढे आला. त्याने रिकामी पुडी बघितली, पलीकडचा रिकामा माथा बघितला. तो हसला नाही. "हे सिनेमाचे पैसे नाहीत. तुझे आहेत. ओळंब्या, तू म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोंगर उतरवलास, तेही खोटं बोलून?"

"हो."

"शोभलं नाही तुला." त्याने भोंगा काखेत मारला. "चला रे घरी."

आठदहा जण त्याच्यामागे निघाले. ओळंबा पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. साठीचा माणूस, हातात काही नाही. "सात घरांची हजेरी राहिलीय," तो म्हणाला. "कामाचे पैसे घेतल्याशिवाय कामगार जागा सोडत नाही. मी कधी सोडली नाही. बसा खाली."

"बाजूला हो."

"नाही होत."

तेवढ्यात खुर्चीतून ताईचा आवाज आला. तो मोठा नव्हता. "माझं दार लागलं बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. वरच्या ओळीतली उघडी दारं एकेक करून बंद होत होती. टोकाच्या घरापासून, ओळीने, कोणी आतून लावत गेल्यासारखी. मग ती नऊ घरं खाली बसली. दमलेली माणसं बसतात तशी, सरळ, भिंतींसकट. काही आवाज नव्हता. गवताचा अख्खा हिरवा पट्टा त्यांच्यावरून पुढे आला, मधली ओळ त्याच्या आत गेली, आणि त्यानंतर आवाज आला. तो कानांनी ऐकू आला नाही. चौथऱ्यातून पायांत आणि पायांतून दातांत चढला. खालच्या ओळीच्या ओट्यांना टेकून तो पट्टा थांबला. धुळीने ऊन झाकलं.

कोणीतरी टाळी वाजवली. दृश्य संपलं की टाळ्या वाजायच्या, हात सवयीने उठले. दोघातिघांनी आणखी वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि चौथऱ्यावर नुसती धूळ उतरत राहिली.

चक्कीवाला पुलाच्या तोंडाशी तसाच उभा होता. त्याच्या पायापासून चार हातांवर, पुलावर, चक्कीसमोरचा तो खोटा दगड गडगडत येऊन थांबला होता. त्याने तो हाताने चाचपून बघितला, खराच खोटा आहे ना म्हणून.

संध्याकाळी एकोणीस घरं पैसे परत करायला आली. ओळंब्याने एकाचेही घेतले नाहीत. "पळलात ना? नीट पळलात. मागे बघितलं नाहीत. कामाची मजुरी आहे, ठेवा." राहिलेल्या सात घरांनाही तो चुकला नाही. पुढचं वर्षभर पलीकडच्या चढावर नवी वस्ती बांधली गेली, तिथे त्याला रोजची मजुरी मिळे, त्यातून त्याने एकेका घराची हजेरी दिली. सर्वांत शेवटी चक्कीवाल्याची. चक्कीवाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली. गंमत काही सुचली नाही त्याला.

ढिगारा उपसताना ओळंब्याला गिलाव्याचा एक मोठा तुकडा सापडला. त्यावर काजळी भरलेली भेग होती, टोकाला तीन ठिपके होते. घर चुराडा झालं होतं, आणि ती खोटी भेग जिथे सुरू झाली तिथपासून जिथे संपली तिथपर्यंत शाबूत होती. त्याने तुकडा पालथा घातला आणि पाया भरायच्या दगडांत टाकून दिला. दोरी आणि लोलक मात्र सापडला नाही. नवा घ्यावा लागला.

त्याच्या नव्या घरावरही पत्राच आहे. येणारंजाणारं कोणी विचारतंच, सगळ्यांना स्लॅब आणि तुम्हालाच कसा नाही? सिनेमाची दुप्पट मजुरी मिळाली होती म्हणे, तिचं काय केलंत? ओळंब्याच्या हातात काहीतरी काम असतं. बायको सांगते. "एकशेबारा माणसं पुलापलीकडे आणायला खर्च झाली," ती म्हणते. "एका दुपारी. आणि वर त्याला वाटतं, सातच्या जागी सहा मिनिटांत आणता आली असती."